कुसुमताईंचे कोरे रकाने

चि. ईशान आणि चि. रेवा,

गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर रेवाने मला विचारलं, "आजी, बाबा लहान असताना तू त्याला शिक्षा कशी करायचीस?" कॉलेजात तिला काहीतरी लिहून द्यायचं आहे. घरात मुलांना होणारा त्रास मोजायला आईबापांना एक प्रश्नावली देतात, ती कितपत भरवशाची, असा विषय आहे म्हणे. मी म्हटलं, "छे, तुझ्या बाबाला शिक्षा करायची वेळच आली नाही कधी." तेव्हा मागे तुमचा बाबा फ्रिजमधून पाणी घेत होता. त्याने बाटली परत ठेवली, फ्रिजचं दार लावलं आणि पाणी न पिताच तो खोलीतून निघून गेला.

आज गुरुवार. या चार दिवसांत मी पुस्तकांचं कपाट दोनदा लावलं, औषधांच्या डब्या तारखेप्रमाणे मांडल्या, आणि तरी एका जागी बसवत नाही. तुम्हा दोघांना मराठी कळतं पण वाचता येत नाही. म्हणजे हे पत्र बाबाच तुम्हाला वाचून दाखवेल. ते ध्यानात ठेवूनच लिहिते आहे.

रेवाच्या प्रश्नाचं उत्तर देण्याआधी मला कुसुमताईंबद्दल सांगावं लागेल. कुसुम देशकर. तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. माझी त्यांच्याशी ओळख जेमतेम वर्षभराची, तीही म्हातारपणी झालेली. पण प्रश्नावली भरवशाची आहे की नाही हे कसं बघतात, ते मी त्यांच्याकडून शिकले. आणि कसं बिघडवतात, ते मी स्वतः करून दाखवलं.

मी शाळेतून निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. आमच्या या नर्मदेकाठच्या शहरात, सिविल लाइंसमध्ये एका जुन्या बंगल्यात मुलांसाठी काम करणारी एक संस्था होती. तिथली डॉ. नीरजा माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीची मैत्रीण. त्यांच्याकडे एक इंग्रजी प्रश्नावली आली होती. आईला किंवा मूल सांभाळणाऱ्या मोठ्या माणसाला विचारायचे वीस प्रश्न: गेल्या वर्षभरात मुलाला हाताने मारलं का, वस्तूने मारलं का, उपाशी ठेवलं का, सोडून जाण्याची धमकी दिली का. उत्तरं चारच: कधीच नाही, एकदा, दोन-तीनदा, बऱ्याचदा. कुठल्या वस्तीत मुलांसाठी माणसं नेमायची, हे संस्था पुढे या उत्तरांवरून ठरवणार होती. नीरजाचं म्हणणं होतं की त्याआधी प्रश्नावलीच तपासून घेऊ. तीच बाई पंधरा दिवसांनी तेच उत्तर देते का? प्रश्न तिला समजतो का? शेजारी कोण बसलंय त्यावर उत्तर बदलतं का? मला हिंदी आणि मराठी भाषांतर करायचं होतं, आणि भरून आलेले फॉर्म नीट लावून ठेवायचे होते. दोन्ही कामं माझ्या आवडीची.

पहिल्या दिवशी टेबलाच्या टोकाला एक बाई बसल्या होत्या. ठेंगण्या, सुती साडी, चष्म्याला दोरी, आणि चहाचा स्टीलचा पेला रुमालात गुंडाळून धरलेला. मला वाटलं भाजत असेल. नंतर पाहिलं तर पाण्याचा पेलाही त्या तसाच धरायच्या.

"सवय आहे," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं फॅक्टरीत गेज रूममधे काढले. लोखंडाला हाताची ऊब लागली तरी माप बदलते."

संरक्षण खात्याच्या फॅक्टरीत त्यांचे यजमान होते. ते ऐन तरुणपणी गेले आणि त्यांच्या जागी कुसुमताईंना घेतलं. मॅट्रिक झालेली, पदरी चार वर्षांची मुलगी असलेली बाई. साहेबाने विचार केला असेल की हिला कुठे बसवावं, तर बसवलं गेज रूममधे. तयार झालेला नग बरोबर मापाचा आहे की नाही हे ज्या साधनाने बघतात, त्याला गेज म्हणतात. आणि ती गेजच खरी आहेत की झिजली आहेत, हे तपासायचं काम कुसुमताईंचं.

"मास्तरीणबाई," त्या मला म्हणाल्या (पहिल्या दिवसापासून मी त्यांची मास्तरीणबाई), "नग खराब असला तर एक नग जाते. गेज खराब असन तर हजार नग पास होते अन् एकही कामाचा नसते. अन् कोणाला पत्ता नाही लागत. म्हणून मी इथे आली. या मॅडम म्हणाल्या, प्रश्नाचं गेज तपासायचं आहे. मी म्हटलं, चलो, हे तर आपलंच काम."

नीरजाने त्या दिवशी आम्हा सगळ्यांनाच एकेक फॉर्म भरायला दिला. आपलं मूल आठ-दहा वर्षांचं असतानाचं एक वर्ष आठवा आणि भरा. मी शाईच्या पेनने चार मिनिटांत भरला. वीसच्या वीस प्रश्नांना 'कधीच नाही'. अक्षर सुरेख आलं होतं. कुसुमताईंनी तासभर घेतला. मधेच बाहेर जाऊन त्या नागपूरला मुलीशी फोनवर बोलून आल्या. त्यांच्या फॉर्मवर हाताने मारण्यापुढे 'बऱ्याचदा' होतं, लाटण्याने मारण्यापुढे 'दोन-तीनदा', आणि समासात पेन्सिलीने बारीक लिहिलेलं: मुलीला विचारून लिहिले.

"तुम्ही मुलीला विचारलंत?" मी म्हटलं.

"मग कोणाला विचारू? यजमान गेल्यावर माझा हात फार चालायचा. मला वाटायचं, महिन्यातून एखादवेळ. तिला विचारलं, बाई, किती वेळा? ती म्हणाली, मोजलं नाही आई, पण तू मंगळवारी जास्त मारायचीस. मंगळवारी माझी डबल ड्यूटी राहायची." मग त्यांनी माझा फॉर्म हातात घेतला, खिडकीच्या उजेडात तिरका धरून पाहिला. "तुमचा पेपर भलताच साफ आहे."

"मला हात उचलायची गरजच पडली नाही," मी म्हटलं. ते खरं होतं.

"बरं," त्या म्हणाल्या.

पंधरा दिवसांनी नीरजाने तोच फॉर्म पुन्हा दिला. मी पुन्हा वीसच्या वीस 'कधीच नाही' लिहिलं. कुसुमताईंनी दोन्ही शेजारी ठेवून बघितले आणि म्हणाल्या, "असे दोन नग मशीनवरच निघते."

वस्त्यांमधल्या घरांचं काम एप्रिलमध्ये सुरू झालं. दीक्षितपुऱ्यातली चाळीसएक घरं कुसुमताईंच्या आणि माझ्या वाट्याला आली. त्या विचारायच्या, मी भाषांतर कुठे अडतं ते टिपायचे. पहिल्याच घरी माझा जीव वरखाली झाला, कारण त्या विचारीचनात. फॉर्म पिशवीत, आणि या बाई चौकटीशी बसून त्या घरच्या सुनेबरोबर मेथी निवडताहेत. वीस मिनिटं. कूलरचं पाणी, भाचीचं लग्न, जिन्यातला अंधार. मी घड्याळ बघत होते.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "एका घराला असा पाऊण तास लागला तर महिना पुरणार नाही."

"नग मशीनवरून निघते तेव्हा गरम राहते, मास्तरीणबाई. लगेच मोजला तर माप चुकते. गेज रूममधे आणून ठेवायचा, थंड होऊ द्यायचा. मग हात लावायचा."

त्यांचं थंड करणं बायकांना कळत नसे, पण लागू पडे. एका घरी खाटेवर सासू बसली होती. कुसुमताई थांबून राहिल्या. सासू उठेना, तशा म्हणाल्या, "अम्माजी, हमको नीचे का नल दिखा दो, पाँव धोना है." सासूला घेऊन गेल्या आणि मला खूण करून गेल्या. मी त्या सुनेला भीत भीत विचारलं, "बच्चे को मारती हैं?"

"नहीं दीदी. मारते कहाँ हैं. बस दो लगा देते हैं."

"किससे?"

"जो हाथ में हो. चिमटा हो तो चिमटा."

मी घोटाळ्यात पडले. तिने स्वतः 'मारत नाही' म्हटलं होतं. कुसुमताई ओल्या पायांनी वर आल्या, मी सांगितलं, त्या म्हणाल्या, "दोन्ही लिहा. काय विचारलं, ते बी लिहा. तिची चूक नाही. गेजचं तोंड मोठं आहे, बारीक नग त्यातून पडून जाते." त्या दिवशी आम्ही तो प्रश्न बदलला. मारलं का असं विचारायचं सोडलं आणि चिमटा, पट्टा, चप्पल, असं एकेक नाव घेऊन विचारू लागलो. नीरजा खूश झाली. मीही.

आता माझ्या कामाचं सांगते.

भरलेले फॉर्म माझ्याकडे यायचे. मी ते क्रमाने लावून कॉम्प्युटरवर भरणाऱ्या मुलीकडे द्यायचे. ती म्हणायची, "आंटी, कोई खाना खाली मत छोड़ना, आगे नहीं जाता." कुसुमताईंच्या फॉर्मवर अकराव्या प्रश्नाशी मला वारंवार कोरा रकाना सापडू लागला. अकरावा प्रश्न होता: मुलाला खोलीत, मोरीत किंवा कोठीत कोंडून ठेवलं का? नऊ घरांत तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं. कोऱ्या रकान्याशेजारी पेन्सिलीने एक छोटंसं पोकळ वर्तुळ. बाकी उत्तरांपुढे त्या भरीव ठिपका द्यायच्या, तपासलं या अर्थाने, म्हणून मला वाटलं की वर्तुळ म्हणजे राहून गेलेला ठिपका. घाईत राहिलं असेल. त्या नऊ घरांत बाकीची बरीचशी उत्तरं 'कधीच नाही' होती. तेव्हा याचंही तेच असणार. मी वर्तुळं चांगल्या रबराने पुसली आणि बाकीच्या उत्तरांच्याच शाईने 'कधीच नाही' लिहिलं. दुसऱ्या फेरीत तीच घरं, तोच रकाना, तसाच कोरा. तोही भरला.

कुणाला फसवायचं माझ्या मनात नव्हतं. कोरी जागा मला बघवत नाही. शाळेतही मुलांच्या वह्यांत सुटलेली ओळ दिसली की माझा हात शिवशिवायचा. पण मी नऊही घरांत 'कधीच नाही'च का लिहिलं, 'एकदा' का नाही, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनाला शिवला नाही. तो नंतर आला आणि मग गेला नाही.

मे महिन्यात नीरजाने निकाल दाखवले. सगळ्यात उत्तम निघाला अकरावा प्रश्न. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीतली उत्तरं जवळजवळ सगळीकडे जुळत होती. दोन दिवसांनी संस्थेच्या समितीपुढे प्रश्नावली ठेवायची होती. नीरजाने समोसे मागवले. कुसुमताईंनी समोशाला हात लावला नाही.

"अकरावा इतका छान कसा आला?" त्या म्हणाल्या. "मला फॉर्म पाहू द्या."

त्यांनी गठ्ठा घेतला आणि खिडकीशी नेला. एकेक कागद तिरका धरायचा, अकराव्या रकान्यावरून अनामिका फिरवायची, बाजूला ठेवायचा. त्या पेन्सिल दाबून चालवायच्या. रबराने शिसं जातं, कागदावरचा खळगा जात नाही. नऊ घरांचे अठरा कागद बाजूला झाले. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"हे कोणी भरलं?"

नीरजा तोवर निघून गेली होती, खोलीत आम्ही दोघीच होतो. मला माहीत नाही असं म्हणता आलं असतं. कॉम्प्युटरवाल्या मुलीवर ढकलता आलं असतं.

"मी," म्हटलं.

"काहून?"

"कोरं होतं म्हणून."

"मास्तरीणबाई, तिथे बाई गप्प बसली होती. मी विचारलं, तिनं ऐकलं, अन् ती काही बोलली नाही. ते मी लिहून आणलं होतं." त्यांचा आवाज चढला नव्हता. "फॅक्टरीत माझ्या मागून कोणी असं केलं असतं तर मी गेटबाहेर काढलं असतं. तुम्हाला कसं काढू? तुम्ही तर चांगल्या मनानं करून राहिल्या."

त्या चांगल्या मनाचा मला जेवढा राग आला तेवढा कशाचाच आला नसेल. मी म्हटलं, "नीरजाला सांगते."

"सांगाल. आधी नऊ घरं पाहून येऊ. नुसतं चुकलं म्हणू नका, काय चुकलं ते सांगा."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला आम्ही निघालो. दीक्षितपुऱ्यात रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. एका घरात काही नव्हतं, बाईला प्रश्न कळला नव्हता इतकंच. दुसऱ्या घरी कुणी भेटलं नाही. तिसरं घर एका स्वयंपाक करणाऱ्या बाईचं होतं. तिचं नाव संगीता म्हणू आणि तिच्या मुलीचं मुन्नी. खरी नावं लिहायची नाहीत असा संस्थेचा नियम होता, तो मी अजून पाळते. संगीताने आम्हाला दोन्ही वेळी चारनंतर यायला सांगितलं होतं.

"आत्ता कशी असेल ती घरी?" मी म्हटलं.

"म्हणूनच नं. मशीन चालू असताना पाहायचं असते."

जिना चढून गेलो. वरच्या मजल्यावरची मागची खोली, पत्र्याचं छप्पर. दाराला बाहेरून कुलूप. मी परत फिरले, तर कुसुमताई दाराला कान लावून उभ्या.

"कौन?" आतून आवाज आला.

"हम हैं बेटा. फॉर्म वाली दीदी."

"मम्मी चार बजे आएगी."

"अच्छा. तू अकेली है?"

"हाँ. पंखा चल रहा है. पानी भी है." थोडं थांबून ती म्हणाली, "मम्मी मारती नहीं है."

"हमको पता है," कुसुमताई म्हणाल्या. "लिखा है."

मुन्नी सात वर्षांची होती. मार्चमध्ये शाळेची परीक्षा संपल्यापासून ती रोज सकाळी नऊ ते दुपारी चार त्या खोलीत असायची. कुसुमताई दाराशी खालीच बसल्या. पायरी तापलेली होती, त्यांनी पिशवी अंगाखाली घेतली. दाराच्या फटीतून मुन्नीने चिंचोके बाहेर सरकवले. आत तिच्या मुठीत किती उरले, ते ओळखायचं. "बूझो दादी." कुसुमताई मुद्दाम चुकत होत्या. आतून हसू यायचं. मग एकेक चिंचोका परत आत जायचा आणि फटीत चार बोटं दिसायची.

मला बसवेना. मी जिना उतरले, चढले. शेजारी कुणी आहे का बघितलं, किल्ली कुणाकडे असते विचारलं, नीरजाला फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा वर आले. ती बोटं. कुसुमताई माझ्याकडे बघतसुद्धा नव्हत्या, पण मला वाटत होतं की त्या सगळं बघताहेत. मी काय बघत होते ते सांगते.

रेल्वे क्वार्टरमधल्या आमच्या स्वयंपाकघराला लागून एक कोठी होती. ट्रंका, गाद्या, धान्याचे डबे. सुहास, तुमचा बाबा, आठ-नऊ वर्षांचा होता. वही मळवली, अक्षर वाकडं काढलं, उलट उत्तर दिलं, की मी हात उचलत नसे. मी त्याला कोठीत घालून कडी लावायचे. "शांत झालास की सांग," म्हणायचे. तो आधी रडायचा, मग दार वाजवायचा, मग खालच्या फटीतून बोटं बाहेर काढायचा. मग शांत व्हायचा. मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबायचे आणि मग उघडायचे. मला हे फार सुधारलेलं वाटायचं. आजूबाजूच्या घरांतून मुलांच्या पाठीत धपाटे बसल्याचे आवाज यायचे, माझ्या घरातून आवाज येत नसे. तुमच्या आजोबांना मी अभिमानाने सांगितलं आहे की आपल्याकडे मारझोड नाही.

सव्वाचारला संगीता आली. हातात डबा. आम्हाला दाराशी बघून ती पहिल्यांदा चिडली, "टाइम दिया था ना आपको?" मग कुलूप काढताना तिच्या हातून किल्ली खाली पडली. मुन्नी आतून बाहेर आली, घामाने भिजलेली, आणि सरळ कुसुमताईंना म्हणाली, "दादी, आप सात बार हारी."

"हम मारते नहीं हैं मैडम," संगीता म्हणाली. "बंद करते हैं. छत पे मुंडेर नहीं है, बच्ची गिर जाएगी. सामने वाले कमरे में दिनभर आदमी लोग पत्ते खेलते हैं. तीन घर का खाना बनाते हैं, साथ ले जाओ तो मालकिन मना करती है. आप बताओ, कहाँ छोड़ें?"

कुसुमताईंनी आपल्या बाटलीतलं पाणी तिला दिलं. ती पाणी प्याल्यावर म्हणाल्या, "पिछली बार चुप काहे रह गई थी?"

"आपने पूछा, बंद किया क्या. आपका सवाल सज़ा वाला था. ये सज़ा थोड़ी है. पर कभी नहीं भी कैसे बोलते? रोज़ करते हैं."

म्हणजे ती दोनदा गप्प बसली होती, कारण तिला खोटं बोलायचं नव्हतं. तिच्या जागी मी बोलले होते.

उरलेली सहा घरं त्या दिवशी राहिली. ऑटोत मी कुसुमताईंना आमच्या कोठीबद्दल सांगितलं नाही. सिविल लाइंसला पोचल्यावर नीरजाला फॉर्मचं सांगितलं, उभ्यानेच, सगळे अठरा कागद टेबलावर ठेवून. तिने अठराही कागद उलटून पाहिले. "आंटी, ये तो सारा काम दोबारा होगा." मग सारं काम दुबार झालं. समितीची बैठक पुढे ढकलली गेली. नीरजाने अहवालात लिहिलं की कोंडण्याबद्दल एकट्या आईच्या उत्तरावर भरवसा ठेवता येत नाही. मुलाकडून, शेजाऱ्याकडून, दुसऱ्या वाटेनेही कळून घ्यावं लागेल. फॉर्मवर एक पाचवा रकाना आला: विचारलं, उत्तर आलं नाही. मुन्नीसाठी संस्थेच्या मागच्या खोलीत दिवसभराचा वर्ग सुरू झाला, आधी चार मुलं, मग बरीच. संगीता तिला सकाळी सोडायची आणि सव्वाचारला न्यायची. मला फॉर्म लावायचं काम परत मिळालं, पण कुसुमताईंनी माझं शाईचं पेन काढून घेतलं आणि आपली अर्धी झिजलेली पेन्सिल दिली.

"तुम्ही आता ठिपके द्या," म्हणाल्या. "भरायचं काही नाही."

पुढच्या जानेवारीत कुसुमताईंचं नागपूरला मुलीकडे जायचं ठरलं. गुडघे गेले होते, जिने होत नव्हते. जाण्याच्या आदल्या दिवशी दुपारी त्या आमच्याकडे आल्या. मी व्हरांड्यात मटार सोलत होते, त्याही सोलायला बसल्या. फॅक्टरीतल्या एका साहेबाची गोष्ट सांगितली, जो दर सोमवारी गेज रूममधे येऊन स्वतःच्या मनगटाचं माप घ्यायचा. मटारचे भाव, नागपूरचं ऊन. दाणे संपले, साली संपल्या. मग त्यांनी पिशवीतून एक कोरा फॉर्म काढला आणि माझ्यासमोर ठेवला.

"तिसरी खेप," म्हणाल्या.

वीस मिनिटं झाली होती हे मला आज कळतं. तेव्हा वाटलं होतं, बाई सहज बसल्या आहेत.

मी त्यांच्याच पेन्सिलीने भरायला घेतलं. एक ते दहा, 'कधीच नाही'. ते खरंच होतं. अकराव्याशी आले. मग बारावा भरला, तेरावा, वीसपर्यंत. परत अकराव्याशी आले. आत कुकरची शिट्टी झाली, मी उठले नाही. कुसुमताई साली गोळा करत होत्या. शेवटी मी पेन्सिल खाली ठेवली.

त्यांनी फॉर्म उचलला नाही. तिथेच वाकून, रुमालात धरलेल्या पेन्सिलीने, अकराव्या रकान्याशेजारी एक छोटं पोकळ वर्तुळ काढलं.

"हा ठेवा तुमच्यापाशी," म्हणाल्या. "पेन्सिल बी ठेवा. मला आता लागत नाही." आणि मटारच्या साली गाईला घालायला फाटकाबाहेर गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांना न्यायला आलेल्या जावयाच्या गाडीतून मी त्यांच्याबरोबर तिलवाऱ्याच्या घाटापर्यंत गेले. त्यांना निघताना नर्मदेचं दर्शन घ्यायचं होतं. पायऱ्या उतरवत नव्हत्या, म्हणून जावयाने बाटलीत पाणी भरून आणलं. त्यांनी बाटली रुमालात गुंडाळली, झाकण उघडून पाहिलं, परत लावलं. मला म्हणाल्या, "चलो मास्तरीणबाई." मागच्या सीटवर बसल्या. दार लागलं. लगेच आतून त्यांनी ते उघडायला हात घातला, तर उघडेना. लहान मुलांसाठी असतं ते लॉक लागलेलं होतं.

"हे आतून काहून उघडत नाही?"

"आई, नातवंडांसाठी लावलंय. राहू द्या, उतरताना मी बाहेरून उघडीन," जावई म्हणाले.

"काढ बेटा. मी बसली आहे."

जावई उतरले, दाराच्या कडेचा खटका सरकवला. कुसुमताईंनी दार आतून उघडलं, लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. मग चष्मा नीट केला आणि समोर बघितलं. गाडी पुलावर गेली. मी ऑटो करून परत आले.

त्या गेल्याला आता दोन वर्षं झाली. त्यांच्या मुलीने फोन केला होता. मी तिला मंगळवारबद्दल विचारणार होते, विचारलं नाही. मुन्नी यंदा दहावीला आहे, संस्थेत लहान मुलांना गणित शिकवते. प्रश्नावली वापरात आहे, पाचव्या रकान्यासकट.

रेवा, तुला मी रविवारी जे सांगितलं ते चुकीचं होतं. मी तुझ्या बाबाला मारलं नाही. मी त्याला कोंडायचे. किती वेळा, ते मी मोजलं नाही. बाबा हे वाचताना इथे थांबला तर त्याला घाई करू नका. पुढचं मग केव्हाही वाचा, थोडंच उरलं आहे.

तो तिसरा फॉर्म माझ्या कपाटात वरच्या कप्प्यात, निळ्या फाइलमध्ये आहे. पेन्सिल दोन इंच उरली आहे, तीही तिथेच. काल सकाळी मी फॉर्म काढला आणि अकराव्या प्रश्नापुढे शाईने 'बऱ्याचदा' असं लिहिलं. वर्तुळ पुसलेलं नाही. समासात कुसुमताईंसारखं 'मुलाला विचारून लिहिले' असं मला लिहिता येत नाही, कारण मी विचारलेलं नाही. समास कोरा आहे.

तुमची,
आजी